नावाड्याने सांगितलेला उतार

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. तुमच्या आजोबांनी जिच्यावर ओले फडके फिरवून मुळाक्षरे पुसली ती दगडी पाटी मात्र मी नव्हे. मी काचेची पाटी. दुकानात मला टॅब्लेट म्हणतात. पण जिथे माझे आयुष्य गेले तिथे कुणाच्या जिभेवर ते नाव बसले नाही. "पाटी घ्या, पाटी सांभाळा, पाटी परत द्या," असेच सगळे म्हणत. एकदा एक जाडजूड पाहुणा दारातूनच ओरडला होता, "अहो, फिरायला आलोय आम्ही, पाट्या उचलायला नाही!" तेव्हा सगळे पोट धरधरून हसले होते. आता माझ्याकडे पाहून कुणाला हसू येत नाही. माझी पाठ फुगली आहे, एका कोपऱ्याला चिरा पडल्या आहेत आणि माझ्या पोटात एका माणसाचा आवाज आहे. त्या आवाजाचीच ही कथा. जरा चित्त देऊन ऐका.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्यावर काच बसवली, हलकेच फुंकर मारली आणि मला पुढे सरकवले. तेवढीच माझी आई. पुढे अकरा बहिणींबरोबर मी एका खोक्यात बसले आणि एका नदीच्या खोऱ्यात येऊन पोचले.

खोऱ्याच्या तोंडाशी, अगदी नदीला लागून, एक लांबट खोली होती. पूर्वी तिथे वल्ही आणि दोर ठेवत. भिंतीला अजून डांबराचा वास येई. आता तिथे पाहुण्यांसाठी माहितीघर झाले होते. पाहुणे येत, हे खरे. पण कसे येत? गाडीतून उतरत, नदीला पाठ करून फोटो काढत, डबे उघडत, खात आणि जात. डोंगर तसाच उभा, नदी तशीच वाहती, पाहिले कुणी नाही. त्यांनी थांबावे, पाहावे, म्हणून खोऱ्याच्या समितीने आम्हा बारा जणींना आणले.

आमची विद्या मोठी गमतीची. मला हातात धरून समोर पाहिले, की समोरचे तर दिसेच, पण जे आता तिथे नाही तेही त्याच्यावर उमटे. पडक्या भिंतीकडे मला धरले की भिंत उभी राही आणि पाणचक्कीचे चाक गरगर फिरू लागे. मोकळ्या कुरणाकडे धरले की लांब मानेचे पांढरे पक्षी येऊन उतरत. ते पक्षी खोरे सोडून गेले त्याला बारा वर्षे झाली होती. वाटेवर चमकणारी पावले दिसत, त्या पावलांवर पाय ठेवत चालायचे. आणि प्रत्येक जागी एक आवाज बोले.

तो आवाज नावाड्याचा.

चाळीस वर्षे त्याने लोकांना या तीरावरून त्या तीराला नेले. काठावरून कुणी "पैलाड हो!" अशी हाक मारली की हा वल्ही उचलायचा, म्हणून त्याचे नावच पैलाडकाका पडले. मग खाली पूल झाला. नाव काठावर ओढून ठेवली ती ओढूनच राहिली, तिच्या फळ्यांतून गवत आले. पैलाडकाका मात्र सकाळी उठून नदीवर जायचा राहिला नाही. हातातली लांब काठी पाण्यात घालायचा, दोनदा तळाला टेकवायचा, देवाचे नाव घ्यायचा आणि परत यायचा. नदी दर पुरात कूस बदलते. आज जिथे गुडघाभर, तिथे पुढच्या वर्षी पुरुषभर. ते फक्त त्याच्या काठीला ठाऊक असे.

त्याची मुलगी माहितीघर सांभाळायची. पाहुणे तिला ताई म्हणत. ती दहा वर्षांची असताना शिकायला शहरात गेली आणि आई गेल्यावर, वडील एकटे पडले म्हणून, चांगली जागा सोडून परत आली. नोकरी नवी, हुरूप मोठा. तिच्याच मनात आले, की खोऱ्याची माहिती भाड्याच्या गोड आवाजात कशाला, बाबांच्याच आवाजात का नको?

मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. बारा जणींतून ताईने मला उचलले. पुढे तो, मागे ती, आणि तिच्या हातात मी. तो चालता चालता सांगायचा, मी ऐकून पोटात ठेवायची. सांगणेही कसे? नुसते "ही चक्की" नाही. आधी आवाज लावायचा, मग थांबायचा, मग हात हलवून म्हणायचा, "आता बघा हं, हे चाक फिरतंय ते कुणाच्या जोरावर? पाण्याच्या. आणि पाणी कुणाच्या जोरावर? उताराच्या. आणि उतार कुणी केला? तिथं आपलं तोंड बंद, हात जोडा!" ताई हसून म्हणायची, "बाबा, थोडक्यात! इंजिनियर म्हणालेत, एका जागेला दहाच सेकंद. लोकांना थांबायला वेळ नसतो."

"मग येतात कशाला?" तो विचारायचा.

एकदा शहरातल्या इंजिनियरने तयार केलेली चित्रे ताईने त्याला दाखवली. मला नदीकडे धरले, आणि काचेत त्याची जुनी नाव पाण्यावर आली! आत पागोटेवाले, टोपल्यावाले, वल्हवणारा नावाडी. म्हातारा बराच वेळ बघत राहिला. नकळत त्याने एक हात वर केला, जसा समोरून येणाऱ्या नावेला करतात तसा. मग डोळे पुसून म्हणाला, "सगळं छान. पण पोरी, हा नावाडी तोंड पुढं करून वल्हवतोय. असं वल्हवलं तर पैलाड येईल खरं, पण मागल्या मागं!" दोघे इतके हसले, की मी हातातून निसटता निसटता वाचले.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी तोंड उघडले.

दगडी कुंपण जिथे संपते तिथून वाट एकदम खाली उतरते आणि नदीच्या डोहापाशी जाते. आम्ही तिथे पोचलो तेव्हा दुपार कलली होती. म्हातारा चढण चढून दमला होता. त्याची टोपी मागे चक्कीपाशीच राहिली होती. ताई म्हणाली, "बाबा, पाटी धरा तुम्ही, चालूच आहे. मी टोपी घेऊन येते. तुम्ही बोला तोवर." ती गेली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "इथे उतार आहे." आणि त्याला धाप लागली. कुंपणाच्या दगडावर टेकला. पुष्कळ वेळ नुसता श्वास चालला होता, वर, खाली, वर, खाली. मग शांत झाल्यावर तो पुन्हा बोलला. चांगला सविस्तर बोलला; सावकाश उतरा, खाली डोह आहे, पाण्यात पाय घालू नका, असे बजावून बोलला. ते ऐकायला तिथे मी होते आणि ज्याने डोह केला तो होता. तिसरे कुणी नव्हते.

दोन दिवसांनी ताई माहितीघरात टेबलाशी बसली. माझ्यातले बोलणे तिने मोठ्या यंत्रात घेतले आणि जागेजागेचे तुकडे कापू लागली. कुंपणापाशी आली. "इथे उतार आहे." पुढे नुसती धाप. पाच सेकंद, दहा सेकंद, वीस सेकंद. बाबांचे सांगून झाले असे तिला वाटले. तिने तिथेच कापले.

मित्रांनो, एक शब्द किती ठिकाणी राबतो पाहा. डोंगराला उतार असतो. तापाला उतार पडतो. वयाला उतार लागतो. आणि नदीलाही उतार असतो, म्हणजे जिथून पायी पलीकडे जाता येते ती जागा. तुमच्या घरी 'उतार' म्हटले तर तुम्ही घसरणीपासून सावध व्हाल. पण ती मुलगी होती नावाड्याची. पाळण्यात होती तेव्हापासून तिने घरात उतार हा शब्द एकाच अर्थाने ऐकला होता. "यंदा उतार कुठं?" "यंदा उतार वरच्या खडकापाशी." रोज जेवताना हेच बोलणे. दुसऱ्या कुणा ताईने ही चूक केलीच नसती. शहरात वाढलेल्या हिला तिथला डोह ठाऊक नव्हता, वरून पाणी दिसे गुडघाभर; हिचा चेहरा आनंदाने फुलला. "बाबांनी यंदाचा उतार दाखवला!" म्हणजे पाहुण्यांना पुलाला वळसा नको, पाण्यातून चालत पलीकडचे कुरण बघता येईल. तिने इंजिनियरला लिहून पाठवले: कुंपणापाशी नदीला उतार. त्याने शहरात बसून माझ्या काचेत या तीरापासून त्या तीरापर्यंत चमकणारी पावले काढली. डोहावरून.

बाबांना ती पावले दाखवायचे तिच्या मनात होते. पण त्याच आठवड्यात म्हाताऱ्याला ताप भरला. चार दिवस तो अंथरुणावरच होता. इकडे उद्घाटन झाले, समितीच्या अध्यक्षांनी, जे लाकडाच्या वखारीचे मालक होते, फीत कापली. लोक आम्हाला धरून लहान मुलांसारखे आश्चर्याने ओरडले. माझे केवढे कौतुक झाले! मी फुगून गेले होते. आता पाठ फुगली आहे ती वेगळी.

तिसऱ्या दिवशी एक निवृत्त शाळाबाई आल्या. एकट्याच. बारीक चणीच्या, पाठ ताठ. त्यांच्या हातात मी होते. फार मन लावून ऐकत होत्या. पक्षी दिसले तेव्हा त्यांनी मला छातीशी धरले. कुंपणापाशी आल्या. नावाडी माझ्यातून म्हणाला, "इथे उतार आहे." समोर पाणी संथ होते, तळचे दगड हाताशी आल्यासारखे दिसत होते आणि त्याच्यावर माझी पावले चमकत होती. बाई वाट उतरून काठाशी गेल्या, चपला काढून हातात घेतल्या आणि पहिल्या पावलावर पाय ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. तिसरे पाऊल माझ्या काचेत होते, नदीत नव्हते.

त्याच सकाळी म्हाताऱ्याच्या तापाला उतार पडला होता. उन्हाला म्हणून तो काठी घेऊन कुंपणाच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसला होता. देव एका हाताने नेतो आणि दुसरा हात कुठेतरी काठी घेऊन उभा ठेवतो. त्याने ओरडा ऐकला, आणि अंगात ताकद नसताना पाण्यात शिरून काठी पुढे केली. बाई वाचल्या. पाय मोडला, पण वाचल्या. वर काढल्यावर त्या पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होत्या, "अहो, मला पावलं दिसत होती हो! ओलीसुद्धा नव्हती!" मी मात्र तळाशी गेले. दुसऱ्या दिवशी गळ टाकून मला वर काढले. दुरुस्तीवाल्याने उघडून वाळवले, मान हलवली आणि म्हणाला, "जगली तर नशीब."

मग माहितीघरात समितीची बैठक झाली. मी टेबलावर होते, काळी ठिक्कर, पुराव्याची वस्तू म्हणून. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. पण घाबरलेला माणूस वाईट माणसासारखेच बोलतो.

"एक बाई मरता मरता वाचली. ज्याची चूक असेल त्याला यापुढे इथे काम नाही," ते म्हणाले. "ताई, पावलं तिथं काढायला कुणी सांगितलं?"

"मी," ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "पण बाबांनी उतार सांगितला म्हणून..."

माझ्या एका बहिणीला पुढे आणून तो तुकडा लावला. खोलीत म्हाताऱ्याचा आवाज घुमला. इथे उतार आहे. स्वच्छ, खणखणीत. आणि संपला.

म्हातारा कोपऱ्यातल्या बाकावर घोंगडी पांघरून बसला होता. तो दचकला. पुढचे शब्द त्याच्या ओठांवर आले होते, ते मी पाहिले. पुढचे वाक्य कुठे गेले, हेच त्याला विचारायचे होते. पण त्याने आधी मुलीकडे पाहिले. टेबलावरच्या मोठ्या यंत्राकडे पाहिले. पुन्हा मुलीकडे पाहिले. आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले, की त्याला सगळे उमगले आहे.

"काका, हा आवाज तुमचाच ना?" अध्यक्षांनी विचारले.

"माझाच."

"इथे उतार आहे, हे तुम्हीच म्हणालात?"

"म्हणालो."

"अहो, चाळीस वर्षं नदीवर काढलीत, आणि डोहाला उतार म्हणता?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "म्हणालो," तो पुन्हा म्हणाला. एवढेच. आयुष्यात तो कधी खोटे बोलला नव्हता, आणि त्या दिवशीही बोलला नाही.

ताई उठून त्याच्याजवळ गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून रडू लागली. "बाबांना बोलू नका. ते दमले होते त्या दिवशी. मीच त्यांना इतकं चालवलं. वय झालंय त्यांचं." किती माया होती तिच्या बोलण्यात! स्वतःच्या चुकीबद्दल ती वडिलांना क्षमा करत होती, आणि वडील ती क्षमा मुकाट्याने घेत होते. मी टेबलावर पडले होते, खरे काय ते माझ्या पोटात होते, आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हते.

ताईची नोकरी राहिली. म्हाताऱ्याचा आवाज माझ्या अकराही बहिणींतून आणि त्या मोठ्या यंत्रातूनही पुसला गेला. त्या जागी भाड्याचा गोड आवाज आला. मला टेबलाच्या खणात ठेवले. मी बंद, म्हणून माझ्यातले पुसायचे राहून गेले.

खोऱ्यात मात्र बोलणे राहीना. पैलाडकाकाचा उतारकाका झाला. दुधवाला गाडी थांबवून विचारायचा, "काय उतारकाका, आमची गुरं कुठून पलीकडं नेऊ? डोहातून का?" आणि बाकीचे फिदीफिदी हसायचे. यंदाचा उतार कुठे, हे विचारायला त्याच्या दारी माणसे यायची ती बंद झाली. नावाड्याला नदीबद्दल कुणी विचारू नये, मित्रांनो, याहून मोठी शिक्षा कुठली? त्याने काठी दाराआड उभी केली ती पुन्हा काढली नाही.

ताई पाहुण्यांबरोबर गेली की कधीमधी तो तिचा डबा घेऊन माहितीघरात यायचा आणि बाकावर बसायचा. एकदा त्याचा जुना दोस्त मेंढपाळ त्याला तिथे गाठून म्हणाला,

"नावाड्या, खरं सांग. तू डोहाला उतार म्हणशील?"

"उतार म्हणालो. खोटं नाही ते."

"पण कुठला उतार?"

"ते कुणी विचारलंच नाही, मेंढक्या."

मेंढपाळ त्याच्या शेजारी बाकावर टेकला. मग एकदम म्हणाला, "पोरीनं कापलं होय रे तुझं बोलणं?"

"हळू बोल!" म्हातारा कळवळून म्हणाला. "तिला ठाऊक नाही. ठाऊक झालं तर ती एक दिवस इथं राहायची नाही, आणि जन्मभर त्या बाईंचा मोडका पाय उरावर घेऊन फिरेल. माझं काय जायचंय आता?"

"नाव गेलं ना तुझं!"

म्हातारा हसला. "लेका, माझी नाव कुजली तेव्हा मी रडलो नाही. आता माझं नाव कुजलं तर काय रडू? तुला शपथ आहे. मी आहे तोवर तोंड उघडायचं नाही."

डोहाचा गारठा त्याच्या छातीत जो बसला तो निघाला नाही. त्याच थंडीत तो गेला. खणाच्या फटीतून मला एवढेच कळले, की माहितीघर आठ दिवस बंद होते आणि उघडले तेव्हा ताईची पावले जड झाली होती. पोचवायला फार माणसे आली नव्हती, असे खोऱ्यातल्या दोन बायकांचे बोलणे कानावर पडले.

पुढे एका दुपारी ताईने खण उघडला. बाबांचा आवाज तिला कुठेच मिळेना, सगळीकडून पुसलेला. मग तिला माझी आठवण झाली. तिने मला दुरुस्तीवाल्याकडे नेले. तो म्हणाला, "ताई, हिची बॅटरी फुगलीय. एकदा लागेल, फार तर दोनदा. पुढचं मी सांगत नाही."

माहितीघराचे दार लोटून ती टेबलाशी बसली, आणि माझ्या काळ्या काचेत उजेड आला.

चक्की आली. कुरण आले. "तोंड बंद, हात जोडा!" आले, तेव्हा ती रडता रडता हसली. मग कुंपण आले. "इथे उतार आहे." तिचे बोट थांबवायला पुढे आले. ते वाक्य तिने फार वेळा ऐकले होते. पण पुढे श्वास सुरू झाला. वर, खाली, वर, खाली. पूर्वी हाच श्वास तिला निरुपयोगी वाटला होता. आता जगात बाबांचा तेवढाच श्वास शिल्लक होता. तिने बोट मागे घेतले, कान माझ्या काचेला लावला आणि श्वास ऐकत राहिली. वीस सेकंद झाले. तीस झाले. आणि तो बोलला.

"हं. तर हा उतार. पाय आवरून उतरा, दगड सैल आहेत. खाली डोह आहे. दिसतो गुडघाभर, पण माझ्या दोन काठ्या एकीला एक बांधल्या तरी तळ लागायचा नाही. पाण्यात कुणी पाय घालू नका. काठावर बसा, बघा, ज्यानं केलं त्याला हात जोडा आणि मागं फिरा."

मग दुरून पावले वाजली.

"आलीस पोरी? सापडली का टोपी?"

"सापडली. बोललात का काही?" हा तिचाच आवाज, हसरा.

"बोललो की."

ताई माझ्यावर वाकली होती. माझ्या काचेवर पाणी पडत होते आणि मला ते पुसता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः समिती बोलावली. मला टेबलाच्या मधोमध ठेवले आणि पुन्हा लावले. मी आतल्या आत तापले होते, पाठ उलत होती. तरी देवाला म्हणाले, एवढे एक बोलून होऊ दे. झाले. शेवटच्या शब्दानंतर माझा उजेड गेला तो गेलाच.

ताई उभी राहिली. "चूक माझी होती," ती म्हणाली. "मी बाबांचा श्वास कापला. त्याच्यापुढं त्यांचं बोलणं होतं." तिने माहितीघराची किल्ली टेबलावर ठेवली. मग दाराशी उभ्या मेंढपाळाकडे वळून तिने विचारले, "त्यांना कळलं होतं?"

मेंढपाळाने डोळ्यांना घोंगडीचे टोक लावले. "पहिल्या दिवसापासून, पोरी. त्यानं शपथ घातली होती."

किल्ली अध्यक्षांनी उचलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताईच्या घरी आले. ती आता मला खणात ठेवत नसे. घरी खिडकीत ठेवी. म्हणून मला ते दिसले. मागे दुधवाला होता, त्याच्यामागे आणखी दहाबारा जण, सगळे खाली माना घालून. अध्यक्षांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, टोपी काढून हातात घेतली आणि विचारले, "आत येऊ का? काकांची माफी मागायची होती."

ताईने दार पूर्ण उघडले. "या," ती म्हणाली. "पण ते घरी नाहीत."

मित्रांनो, माझी बॅटरी आता पुन्हा लागायची नाही. काचेची वस्तू किती वर्षे पुरणार? त्याचे मला दुःख नाही. मात्र जाता जाता तुमच्यापाशी एक मागणे आहे. तुमच्या हातात माझ्यासारख्या पाट्या येतील, माझ्याहून शहाण्या येतील, समोरच्या डोंगरावर हवे ते उमटवून दाखवतील. ते जरूर बघा, मौज आहे त्यात. पण आम्ही दाखवतो ते कुणीतरी सांगितलेले असते आणि कुणीतरी कापलेले असते. तेव्हा घरातले म्हातारे माणूस बोलता बोलता थांबले, तर संपले म्हणून उठू नका. त्याला धाप लागली असेल. जवळ बसा. त्याचा श्वास ऐका. मग तो पुढे बोलेल.